मोज्यांतली फळं

प्रिय भिंगरी,

हे पत्र मी कपडे वाळवायच्या खोलीत, इस्त्रीच्या मेजावर लिहिते आहे. खिडकीतून फाटक दिसतं. फाटकाजवळ स्टूल टाकून तुझे बाबा बसलेत. मधूनमधून खोकतात. खोकला झालेला नाही, चांगले ठणठणीत आहेत. पण ते तिथे आहेत हे मला कळावं म्हणून खोकतात. मग मी इकडे एखादं भांडं वाजवते, म्हणजे मीही जागेवर आहे हे त्यांना कळतं. सकाळच्या एका वाक्यानंतर आमचं एवढंच बोलणं झालंय. तू असतीस तर हसून हसून तुला उचकी लागली असती.

पत्र लिहून झालं की ते उशीच्या अभ्र्यात घालून शेजारच्या शिंपीणबाईंकडे शिवायला देणार. अभ्रे काही फाटलेले नव्हते गं, काल मीच कात्रीने उसवले. या वयात आपलेच अभ्रे आपल्याच हाताने उसवायची पाळी आली, घे! फोन का केला नाही म्हणशील. घरात फोन एकच, तो बाबांच्या खुर्चीच्या हातावर, आणि बोलायचं ते आवाज मोठा करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे?’ म्हणतात. सगळे म्हणजे कोण, तर ते आणि मी. पोस्टात जाऊन यायचं तर आधी फाटकावर कारण सांगायला हवं. तेव्हा शिंपीणबाई बऱ्या, त्या पत्र काढून पुढे तुझ्याकडे धाडतील. बाई जिभेने तिखट आहेत पण पोटात ठेवतात.

आधी तुझं सांग. पायाची सूज उतरली का? रात्री डाव्या कुशीवर झोप, आणि उठताना आधी कुशीला वळून मग हातावर भार देऊन उठ, एकदम ताडकन उठू नकोस. तुला ताडकन उठायची सवय आहे, मला माहीत आहे, म्हणून दोनदा सांगते. चष्म्यांच्या काचा घासायचं काम आता बंद केलंस हे फार बरं केलंस. जावईबापूंना म्हणावं, पहाटे भट्टी पेटवायला जाताना तुझ्या उशाशी पाणी आणि दोन पाव ठेवून जात जा. या दिवसांत भूक सांगून येत नाही. मागच्या वेळचं मी काढत नाही. ते मला कळलं तेच सगळं होऊन गेल्यावर, भिंतीपलीकडून. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच आहे, की या वेळी मी तुझ्याजवळ असायला हवी. तू आता भरत आलीस, आज-उद्याचा भरवसा नाही, आणि मी अजून इथेच.

तू शिंपीणबाईंच्या फोनवर सांगितलेला निरोप त्यांनी भिंतीवरून पोचवला. ‘आई येणार का?’ हा प्रश्न, आणि त्याच्यापुढे तू आणखी एक वाक्य बोललीस ते. पहिल्याचं उत्तर मी भिंतीवरूनच दिलं असतं. पण दुसऱ्या वाक्यासाठी मला कागद लागला. त्याच्याकडे मी येते, धीर धर. आधी तुला तुझ्या झाडाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडकलंय.

आठवतं ना ते फळ? काळपट, खरखरीत, बाजारातून तूच आणलेलं. अर्धं तू खाल्लंस आणि अर्धं कुठल्याशा मासिकात वाचून माझ्या तोंडाला फासलंस, कांती उजळते म्हणे. (मी होते तशीच आहे.) मग त्या अवोकाडोची बी धुऊन तिच्या पोटात तीन दातकोरण्या खोचल्यास आणि पेल्यातल्या पाण्यावर अधांतरी बसवलीस, बसकट बाजू पाण्यात, टोक वर. कितीतरी दिवस काही म्हणजे काही झालं नाही. बाबा येता-जाता विचारायचे, ‘काय, पेशंट शुद्धीवर आला का?’ तू आपली न बोलता पाणी बदलायचीस. एके सकाळी बी मधोमध तडकलेली दिसली आणि तू अशी किंचाळलीस की माझ्या हातातला चहा सांडला. पुढे तुझी ती काडी वीतभर झाली तेव्हा तू तिचा शेंडाच कात्रीने उडवलास. मी कळवळले. तू म्हणालीस, अगं आई, नाही छाटला तर नुसतीच काठी वर जाते, छाटला तर फांद्या फुटतात. तेव्हा तू काय पंधरा-सोळाची असशील, पण बोलणं असं की जणू चार बागा लावून झाल्यात.

मग तू गेलीस. बाबा आंघोळीला गेले असताना, एकच पिशवी घेऊन, फाटक सताड उघडं टाकून. ‘न विचारता गेली ती या फाटकातून परत आत यायची नाही’ हे तू ऐकलं नाहीस, मी ऐकलं. पुढे इतक्यांदा ऐकलं की बाबांचे ओठ हलण्याआधीच मला ते ऐकू यायचं. तुझं नाव घरातून गेलं. तुझी कुंडी मात्र खिडकीत राहिली. एक दिवस बघते तर बाबा मागच्या अंगणात घाम गाळत खणतायत. कुंडी फोडून त्यांनी झाड बाहेर काढलं होतं; मुळांनी आतल्या आत गोल गोल फिरून स्वतःलाच करकचून आवळलं होतं. बाबांनी ती बोटांनी एकेक सोडवली, पोरीच्या केसांतला गुंता सोडवावा तशी. मातीचा उंचवटा केला, कारण याच्या मुळाशी पाणी साचलं तर ते कुजतं. वर पाचोळा पसरला. कोवळं खोड उन्हाने भाजू नये म्हणून त्याला चुना लावला. हे सगळं ते कधी शिकले, कुणाकडून, मला पत्ता नाही. तेव्हापासून घरात त्याला नुसतं ‘ते’ म्हणतात. ‘त्याला पाणी घातलं का?’ ‘त्याच्या पानांची टोकं करपलीत.’ घरात कुणी आजारी माणूस असावं तसं चालतं.

तू गेल्यावर बाबांची नोकरी संपली हे तुला ऐकून माहीत असेल, पण त्यानंतरचं घर तू पाहिलं नाहीस. त्यांनी उभा जन्म कारखान्याच्या फाटकावर काढला. येणाऱ्याला तीन प्रश्न, कुठे, कशाला, किती वेळ. आणि जाणाऱ्याची पिशवी तपासायची. कारखान्याने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि फाटक काढून घेतलं. मग त्यांनी घरच्या फाटकाला कुलूप लावलं. चोऱ्या वाढल्यात म्हणाले. किल्ली सुतळीत ओवून गळ्यात. आंघोळीला जातानासुद्धा आत घेऊन जातात, तो धडा तू शिकवलास त्यांना! मी भाजीला निघाले की तेच तीन प्रश्न आणि परत आल्यावर पिशवीत डोकावणं. एकदा मी भडकून म्हटलं, ‘चंद्रावर, हवा खायला, परत येईपर्यंत.’ तर माझ्याकडे बघून शांतपणे विचारतात, ‘स्वेटर घेतलास का?’ यावर माणसाने भांडावं तरी कसं?

हेच तर आहे भिंगरे. कुणाला सांगू म्हटलं तर सांगण्यासारखं काही हाताला लागत नाही. हात उगारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत, माझ्या गुडघ्यांना तेल लावायलासुद्धा कमी करत नाहीत. फक्त विचारतात. आणि फाटकाशी उभे राहतात. बाजारातून येताना कोपऱ्यावर वळले की माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागतात, उशीर झालेला नसला तरी. मनातल्या मनात मी उत्तरं जुळवत असते, टोमॅटोवाल्याकडे गर्दी होती, सुटे पैसे नव्हते. ती उत्तरं खरी असतात गं! खरंच गर्दी असते. तरी मी चोरासारखी. कपडे वाळत घालताना भिंतीवरून दिसतं तेवढं आभाळ बघते आणि कधीकधी असं गुदमरायला होतं की चिमटे हातात तसेच राहतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, त्यातला प्रकार. फक्त बुक्क्या मऊ हाताच्या आहेत.

असो. झाड वाढलं, फुलायलाही लागलं. पण फळ धरेना. तुला ठाऊक आहे का, याचं फूल दोनदा उमलतं? पहिल्या दिवशी सकाळी बाई म्हणून उमलतं आणि दुपारी मिटतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा उमलतं ते बाप्या म्हणून. झाडावरची सगळी फुलं त्याच ठेक्यावर. म्हणजे बाया जाग्या तेव्हा बाप्ये झोपलेले. बाबांनी हे मला समजावलं तेव्हा मला हसू आवरेना. आपल्या घरात काय वेगळं होतं? ते रात्रपाळी करून यायचे तेव्हा मी पहाटेच्या दुधाला निघालेली. आमची गाठ पडायची ती फाटकात. तरी तू झालीस, म्हणजे देव काहीतरी सोय करून ठेवतोच. बाबाही हसले. खूप दिवसांनी. मग रोपवाटिकेतून त्यांनी उलट्या वेळेचं दुसरं झाड आणून शेजारी लावलं. ते या वर्षी पहिल्यांदा फुललं, मधमाश्या इकडून तिकडे, आणि तुझ्या झाडाला वाटाण्याएवढी फळं दिसायला लागली.

नेमकी त्याच सुमाराला शिंपीणबाईंनी भिंतीवरून मान वर काढून तुझी बातमी दिली. माझे पाय जमिनीला लागेनात. मी ठरवलं, या वेळी गप्प बसायचं नाही. संध्याकाळी बाबा झाडाला पाणी घालत होते तिथे जाऊन सरळ सांगितलं की लेकीला दिवस गेलेत, बाळंतपणाला मी जाणार. ते बराच वेळ पाणी घालत राहिले, इतका वेळ की मला वाटलं आता मुळं कुजतात. मग म्हणाले, ‘फळं धरलीत. पिकू देत. पिकली की घेऊन जा तिला.’ तुझं नाव नाही घेतलं, पण ‘तिला’ म्हणाले! मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले, आनंदाने. इकडे फळं मोठी होणार, तिकडे तू. हिशेब बरोबर बसत होता. मी बाळाचे टकुचे विणायला घेतले, ते सगळ्यांसमोर, लपवून नाही.

फळं लिंबाएवढी झाली तशा खारी यायला लागल्या. बाबांनी काय करावं? आपले कारखान्याचे जुने खाकी मोजे काढले आणि एकेका फळाला एकेक मोजा चढवून वर सुतळीने बांधला. ते दृश्य तुला दाखवायला हवं होतं, झाडावर पलटण उलटी टांगल्यासारखी. मुद्दाम माझा हात धरून दाखवायला घेऊन गेले. रोज सकाळी चहा झाला की बाबा झाडाखाली जायचे, एकेक मोजा हलकेच दाबायचे, आणि आत येऊन सांगायचे, ‘कडक आहेत अजून.’ मी म्हणायची, बरं. फळं लिंबाची पेरूएवढी झाली, पेरूची मुठीएवढी झाली, मग वाढायची थांबली. रंग गडद झाला, साल निस्तेज झाली. तरी रोज तेच, ‘कडक आहेत अजून.’ माझे चार टकुचे विणून झाले.

मग एका रात्री वारा सुटला आणि सकाळी एक फळ मोज्यासकट खाली पडलेलं. दगडासारखं टणक. फेकायचं जिवावर आलं म्हणून मी ते स्वयंपाकघराच्या खिडकीत, तुझा पेला असायचा तिथे ठेवलं आणि विसरले. आठवड्याभराने सहज हात लावला तर लोण्यासारखं मऊ! मीठ लावून उभ्याउभ्याच खाल्लं. आणि खाता खाता माझ्या डोक्यात उजेड पडला. ही फळं झाडावर पिकतच नाहीत. कितीही दिवस टांगून ठेवा, कडकच राहतात. तोडली की मगच मऊ व्हायला लागतात. मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘पडलेलं फळ ते. पडलेल्याचं काय धरून बसतेस? झाडावर पिकेल ते खरं.’ मला वाटलं, माहीत नाही त्यांना. हट्टी माणूस, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघतील तेव्हा पटेल. आणि मी थांबले. थांबायची मला इतकी सवय झालीये की थांबताना कळतसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात धुतलेले कपडे ठेवायला मी त्यांचा कप्पा उघडला. मोज्यांच्या जोड्यांमागे एक मोजा जड लागला. आत फळ. झाडावरून कात्रीने नीट देठ ठेवून कापलेलं, आणि चांगलं पिकलेलं. मोजा हातात घेऊन मी पलंगावर बसले. त्यांना माहीत होतं! त्यांनी स्वतः तोडून, ठेवून, दाबून पाहिलं होतं. आणि तरी रोज सकाळी मला येऊन सांगत होते, कडक आहेत अजून. भिंगरे, इतक्या वर्षांत मला त्यांचा राग पुष्कळदा आला, पण तो यायचा तसा जायचा. या वेळी आला तो बसूनच राहिला. मी मोजा होता तिथे ठेवला. दुसऱ्या दिवशी ते झाडाखालून आत आले आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, ‘घाई करू नकोस. अजून कडक आहेत.’ मी म्हटलं, बरं. माझा मलाच आवाज परका वाटला.

आता आणखी एक सांगते, कारण तुला एकच बाजू सांगितली तर ते माझ्याच्याने व्हायचं नाही. दोन दिवसांनी मी न्हाणीघर घासत होते. वरच्या झरोक्यात त्यांचा दाढीचा मग दिसला. त्यात पाणी, आणि पाण्यावर अधांतरी एक बी. तीन दातकोरण्या. बसकट बाजू खाली. ते फळ त्यांनी खाल्लं होतं आणि बी लावली होती, तू लावायचीस तशी, आणि मला दिसू नये म्हणून झरोक्यात. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि खूप रडले. किती एकटा आहे गं हा माणूस! तुला हाक मारायची तर यांना बी लागते, आणि मला ठेवून घ्यायचं तर कुलूप. तोंडाने ‘जाऊ नकोस, मला भीती वाटते’ एवढं म्हणाले असते तर कदाचित मी, देव जाणे, राहिलेही असते. बरं झालं नाही म्हणाले. डोळे पुसून मी मगातलं पाणी बदललं आणि घासायचं राहिलेलं घासून काढलं.

दया आली म्हणून राग गेला असं नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसलेत. त्यातच शुक्रवारी शिंपीणबाईंनी तुझा निरोप सांगितला, ते दुसरं वाक्यसुद्धा. ते ऐकल्यावर मी भिंत धरली. बाई घाबरल्या, पाणी आणू का म्हणाल्या. आणणार कुठून, फाटकाला कुलूप!

आज सकाळी चहा झाला, बाबा उठायच्या आत मी उठले. टोपली घेतली, कात्री घेतली, स्टूल घेतलं आणि तुझ्या झाडाखाली गेले. एकेका मोज्याची सुतळी सोडली आणि एकेक फळ देठासकट कापून टोपलीत ठेवलं. बाबा मागच्या दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. शेवटचं फळ कापून मी खाली उतरले, रिकामे मोजे घडी करून त्यांच्या हातात दिले. तेव्हा ते म्हणाले, ‘आठवड्यात मऊ होतील आता.’ बोलले आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. कोंबडं किती झाकणार? मी टोपली उचलली. त्यांची मान खाली गेली. मग ते मोजे हातात घेऊन पुढे गेले, स्टूलही उचलून नेलं, आणि तेव्हापासून फाटकाशी बसलेत. किल्ली गळ्यात आहे. टोपली माझ्या स्वयंपाकघरात आहे. तोडलेलं काही परत झाडाला लागत नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

तर माझं ठरलंय. येत्या शनिवारी सकाळी मी एक मऊ फळ त्यांच्या हातात देणार. दाबा म्हणणार. मग पिशवी घेऊन फाटकाशी जाणार, चोरून नाही, भिंतीवरून नाही. तसंही माझ्या गुडघ्यांना भिंत झेपायची नाही. ते विचारतील. कुठे? लेकीकडे. कशाला? ती बाळंत होणार आहे. किती वेळ? ते तिला आणि मला ठरवू द्या. पिशवी तपासा म्हणणार, आत टकुचे आहेत आणि थोडी कडक फळं, ती वाटेत पिकतील. कुलूप त्यांच्या हाताने उघडायला हवं असं मला वाटतं. का वाटतं ते सांगता येत नाही. उघडतील का? भिंगरे, खरंच माहीत नाही. रविवारच्या संध्याकाळच्या गाडीतून मी उतरले नाही, तर जावईबापूंना पावाची गाडी घेऊन पाठव. फाटकाशी येऊन भोंगा वाजवू देत. मी आतून भांडं वाजवीन.

आणि आता ते वाक्य, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. तू शिंपीणबाईंना म्हणालीस, ‘आईला यायचं नसेल तर राहू दे, मागच्या वेळेसारखं. मी रागावणार नाही.’ त्यांनी विचारलं, मागच्या वेळेसारखं म्हणजे? तेव्हा तू सांगितलंस, की तू दवाखान्याच्या खाटेवरून घरी फोन केला होतास, बाळ राहत नाहीये, आईला पाठवा म्हणून, आणि बाबा म्हणाले होते, ‘तिला यायचं नाही.’ बाळा, तो फोन आला तेव्हा मी मागे तुझ्या झाडाच्या आळ्यात पाचोळा पसरत होते. मला कुणी हाक मारली नाही. मला परवापर्यंत ठाऊकच नव्हतं की तू फोन केला होतास. आणि तू इतकी वर्षं हे असं मनात घेऊन, न रागावता! रागवायला हवं होतंस गं. आता येत्या दिवसांत तू फोन करशील, तो तेच उचलतील, आणि भीतीपोटी कदाचित पुन्हा तेच म्हणतील. म्हणून हे माझ्या अक्षरात लिहून देते, जवळ ठेव. मला यायचं आहे. तेव्हाही मला यायचं होतं.

फाटकाच्या आतून,
तुझीच
आई